चित्र एकच, तोंडं तीनशे साठ!

पत्ता सांगायची आपली रीत जगावेगळी. घर नंबर असतो, गल्लीला नाव असतं, पण त्यावर विसंबून कुणी घराबाहेर पडत नाही. 'मारुतीच्या देवळासमोर, पिठाच्या गिरणीला लागून, रेशनच्या दुकानामागं' असं सांगितलं तरच पाहुणा दारात पोहोचतो. आपल्या पत्त्याचा सगळा भार 'समोर', 'मागं', 'डाव्या हाताला' अशा शब्दांवर! आणि या शब्दांना अर्थ येतो तो ऐकणारा कुठं तोंड करून उभा आहे, यावरून.

आता पत्ता सांगायची गरजच उरली नाही, असं तरुण मंडळी म्हणतात. मोबाइलवर नकाशा आहे. त्यात रस्त्याचं खरंखुरं, चहूबाजूंनी फिरवून बघता येणारं छायाचित्र आहे. लिंक पाठवली की काम झालं!

झालं का खरंच? समजा, सोलापूरच्या मावशींना नाशिकला भाचीच्या नव्या घरी जायचंय. भाचीनं लिंक पाठवली. मावशींनी ती उघडली. समोर काय, तर एक लांबलचक कंपाउंड आणि त्यावर रंगवलेली सिमेंटची जाहिरात.

"अगं, इथं तर नुसती भिंत आहे!"

"मावशी, मागं वळ ना, मागं घर आहे."

"वळू कशी? खुर्चीत बसून बघतेय मी!"

दोघीही आपापल्या जागी बरोबर. लिंक बरोबर, जागा बरोबर, चित्रही त्याच गल्लीचं. चुकलं ते एवढंच, की कॅमेऱ्याचं तोंड भलतीकडे होतं. मावशी सरळ बोटानं चित्र सरकवतील तर क्षणात घर दिसेल. पण सरकवता येतं हे ठाऊक हवं! अशा छायाचित्रांत सगळ्या बाजू असतात. पण उघडताक्षणी दिसते ती एकच. आणि ती कोणती दिसावी, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. कधी लिंक पाठवणाऱ्यानं, कधी यंत्रानं. घर शोधण्यापुरतं हे गमतीचं आहे. घर विकत घेताना मात्र ते महागात पडू शकतं. पण त्या आधी हे चित्र येतं कुठून, ते पाहू.

रस्त्याचं चित्र घरबसल्या फिरून बघायची कल्पना गुगलची, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. अमेरिकेत कोलोराडोच्या डोंगरात अॅस्पेन नावाचं टुमदार गाव आहे. १९७८ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या, म्हणजे प्रसिद्ध 'एमआयटी'च्या मंडळींनी तिथं एक अजब गाडी फिरवली. टपावर चार कॅमेरे, एकेका बाजूला एकेक. गाडीच्या मागं सायकलचं एक चाक बांधलेलं. ते चाक फिरेल तसं अंतर मोजलं जाई आणि दर दहा फुटांवर कॅमेऱ्यांचे खटके दाबले जात. उजेडात फार फरक पडू नये म्हणून सकाळी दहा ते दुपारी दोन एवढ्याच वेळात चित्रण. पुढं ही सारी चित्रं लेझर डिस्कवर भरली आणि पडद्यावर बोट ठेवून माणूस गावात डावीकडे-उजवीकडे वळू लागला. 'अॅस्पेन मूव्ही मॅप' हे त्या प्रकल्पाचं नाव. घरोघरी कॉम्प्युटर पोहोचायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट!

चहूबाजूचं चित्र तर त्याहून पुराणं. रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकारानं १७८७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर चौकात त्यासाठी खास गोल इमारत उभारली. प्रेक्षक मधोमध उभे राहत आणि भोवतालच्या गोल भिंतीवरचं चित्र स्वतः गरगर वळून बघत. तिथं कुठं बघायचं हे ज्याची मान तोच ठरवी. आजच्या चित्रात मान आपली नसते, हाच काय तो फरक.

गुगलचा 'स्ट्रीट व्ह्यू' आला तो २५ मे २००७ रोजी, अमेरिकेतल्या पाच शहरांत. सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क, लास वेगास, डेन्व्हर आणि मायामी. भारतात मात्र त्याची वाट बिकट होती. २०११ मध्ये बेंगळुरूत गाड्या फिरू लागल्या, पण थोड्याच दिवसांत पोलिसांनी त्या थांबवल्या. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं सुरक्षेच्या कारणावरून परवानगी नाकारली. मग १५ फेब्रुवारी २०२१ रोजी नकाशांविषयीचे नवे नियम जाहीर झाले. रस्त्यावरचं असं चित्रण फक्त भारतीय कंपन्यांनी करावं, असं त्यांत ठरलं. त्यातून तोडगा निघाला. चित्रण जेनेसिस इंटरनॅशनल आणि टेक महिंद्र या भारतीय कंपन्यांचं, दाखवायचं गुगलनं. २७ जुलै २०२२ रोजी दहा शहरं खुली झाली. त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) ही चार महाराष्ट्रातली. दहा शहरांमधले दीड लाख किलोमीटरहून अधिक रस्ते एकदम पडद्यावर आले.

आता मूळ मुद्दा. हे चित्र फिरतं कसं?

गाडीवरचा कॅमेरा एकच दिसला तरी त्याला अनेक डोळे असतात. एकाच क्षणी सगळ्या बाजूंचे फोटो निघतात आणि कॉम्प्युटर ते एकमेकांना बेमालूम शिवतो. तयार होणारं चित्र उंचीच्या दुप्पट लांबीचं असतं. आडवं तीनशे साठ अंश, उभं एकशे ऐंशी अंश. पृथ्वीचा गोल कापून भिंतीवरच्या नकाशासारखा सपाट केला तर जसा दिसेल, तसंच हे. बघताना ही सपाट पट्टी पुन्हा चेंडूसारखी गोल केली जाते आणि बघणाऱ्याला त्या चेंडूच्या पोटात, अगदी मधोमध बसवलं जातं. मोबाइलचा पडदा म्हणजे त्या चेंडूला आतून लावलेली छोटी खिडकी. कॅमेरा वगैरे काही वळत नाही. त्यानं आपलं काम करून कधीच गॅरेज गाठलेलं असतं. वळते ती ही खिडकी!

खिडकी कुठं ठेवायची, यासाठी तीन आकडे पुरतात. कंबर, मान आणि डोळे अशी त्यांची खूणगाठ बांधली तर विसरायला होणार नाही.

पहिला आकडा कंबरेचा. त्याला 'हेडिंग' म्हणतात. कंबरेतून गोल वळलं की दिशा बदलते, तसा हा. उत्तर म्हणजे शून्य. तिथून घड्याळाच्या काट्यांप्रमाणं मोजत जायचं. पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७० आणि ३६० ला पुन्हा उत्तर. ईशान्य ४५, आग्नेय १३५, नैऋत्य २२५, वायव्य ३१५. भूगोलाच्या तासाला दिशा पाठ करून घेणाऱ्या गुरुजींचे उपकार इथं आठवावेत!

दुसरा आकडा मानेचा. 'पिच' किंवा 'टिल्ट'. क्षितिजाकडे सरळ बघितलं की शून्य, थेट आभाळाकडे अधिक ९०, पायांकडे उणे ९०. तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी दाखवायची तर मान वीस-तीस अंश वर करावीच लागते. गाडी जितकी इमारतीजवळ, तितकी मान जास्त वर.

तिसरा आकडा डोळ्यांचा, म्हणजे खिडकी किती रुंद उघडायची याचा. तोही अंशांतच मोजतात. ९० अंश ठेवले की पुढचा पाव भाग दिसतो. १० अंश केले की दुर्बिणीतून बघावं तसं समोरच्या पाटीवरचं अक्षर जवळ येतं. सध्याच्या बोलीत यालाच झूम म्हणायचं.

हे आकडे काही गुप्त नसतात. कॉम्प्युटरवर गुगल मॅपमध्ये स्ट्रीट व्ह्यू उघडून वर पत्त्याच्या पट्टीकडे नजर टाकावी. सुरुवातीला अक्षांश-रेखांश, मग स्वल्पविरामांनी तोडलेले काही आकडे आणि प्रत्येकाच्या शेपटीला इंग्रजी अक्षर. 'वाय'च्या आधीचा आकडा डोळ्यांचा, 'एच'च्या आधीचा कंबरेचा, 'टी'च्या आधीचा मानेचा. एक खोच मात्र आहे. इथं 'टी' ९० असेल तर नजर क्षितिजाला समांतर असते, शून्य नव्हे. १०० म्हणजे दहा अंश वर, ८० म्हणजे दहा अंश खाली. बाकी सगळीकडे शून्यापासून मोजणारी मंडळी इथंच ९० वर का गेली, हे त्यांचं त्यांनाच माहीत! चित्र बोटानं किंवा माउसनं ओढून फिरवलं की हे आकडे भराभर बदलताना दिसतात. एच पुढचे-मागचे आकडे हातानं बदलून एंटरचं बटण दाबलं तरी चालतं. ९० च्या जागी २७० लिहा, चित्र पाठीमागं वळून उभं राहील.

आकड्यांचा कंटाळा असेल तर कीबोर्ड आहेच. डाव्या-उजव्या बाणांनी कंबर वळते, वर-खालच्या बाणांनी गाडी पुढं-मागं सरकते, अधिक-उणेच्या बटणांनी झूम. पडद्याच्या कोपऱ्यात छोटं होकायंत्र दिसतं. त्याच्या सुईवर टिचकी मारली की नजर थेट उत्तरेकडे. आणि ज्या पिवळ्या बाहुल्याला उचलून नकाशावर टाकायचं, त्या 'पेगमॅन'ला तर लहान मुलं हटकून खेळणं समजतात. तो बाजूच्या छोट्या नकाशावर ज्या दिशेला बघतो, तीच आपल्या चित्राची दिशा.

मग कुणी काहीच ठरवलं नाही तर? तेव्हा यंत्र ठरवतं. त्याची रीत साधी आहे. गाडी रस्त्यावर नेमकी कुठं होती ते त्याला माहीत असतं. पत्त्याचा ठिपका नकाशावर कुठं आहे, तेही माहीत असतं. या दोन बिंदूंमध्ये मनातल्या मनात रेघ ओढायची आणि रेघेची दिशा हेच हेडिंग. घर गाडीपासून दहा मीटर उत्तरेला आणि दहा मीटर पूर्वेला असेल, तर रेघ ईशान्येला. आकडा ४५.

हिशेब पक्का, पण तो ठिपक्याच्या भरवशावर! आपल्याकडे ठिपका पुष्कळदा घराच्या दारावर नसतोच. कधी प्लॉटच्या मधोमध असतो, कधी सोसायटीच्या मागच्या कुंपणावर. मग यंत्राला मागच्या बोळातलं चित्र जवळचं वाटतं आणि पाहुण्यांना दार दिसण्याऐवजी मोरीचे पाइप दिसतात. त्यातून गल्ली अरुंद असली की चूक आणखी फुगते. ठिपका चार मीटर बाजूला सरकला आहे असं धरा. घर ऐंशी मीटरवर असेल तर दिशा जेमतेम तीन अंशांनी चुकते, कुणाच्या ध्यानातही येणार नाही. पण घर आठ मीटरवर असेल तर हीच चूक सुमारे सत्तावीस अंशांची होते. म्हणजे आपलं दार खिडकीच्या कडेला जाणार आणि मधोमध शेजाऱ्यांचं दार! जुन्या पेठांत, वाड्यांच्या गल्ल्यांत यंत्राला घर का सापडत नाही, त्याचं कारण हे. दोष गल्लीचा नाही, भूमितीचा आहे.

म्हणून लिंक पाठवायच्या आधी एवढंच करावं. चित्र उघडावं, आपलं फाटक मधोमध येईपर्यंत फिरवावं, गरज असेल तर जरा जवळ आणावं आणि मगच 'शेअर'चं बटण दाबावं. ज्या क्षणी लिंक घेतली त्या क्षणाची कंबर, मान आणि डोळे लिंकसोबत जातात. मावशींना मागं वळावं लागत नाही.

हीच काळजी छोट्या दुकानदारांनी आणि दवाखानेवाल्यांनी घ्यायला हवी. हल्ली वेबसाइटवर 'आमच्याकडे कसं याल' म्हणून रस्त्याचं चित्र लावतात. वेबसाइट तयार करून देणारा तरुण घाईत असतो. दिशेच्या जागी शून्य टाकतो, की चित्र उत्तरेकडे बघत बसतं. मग दुकान दक्षिणेला असलं तरी! गुगलनं प्रोग्रॅमर मंडळींसाठी जो नमुना दिला आहे, त्यात बोस्टनच्या फेनवे पार्क या बेसबॉल मैदानाजवळचं चित्र आहे. हेडिंग ३४, पिच १०. तो नमुना जसाच्या तसा उचलला तर कोल्हापूरच्या साडीच्या दुकानासमोरचा कॅमेराही बोस्टनच्या मैदानाच्या हिशेबानं वळतो. आपल्या वेबसाइटवर ३४ आणि १० हे आकडे दिसले तर दुकानदारांनी त्या तरुणाला चहाला बोलवायला हरकत नाही.

आता जिथं खरा पैसा गुंततो, तिथं येऊ.

मुलगा परगावी नोकरीला लागला, पुण्यात फ्लॅट घ्यायचाय. आई-बाबा लातूरला. प्रत्येक फ्लॅट बघायला रात्रीची गाडी पकडून जाणं जमत नाही. मग दलाल लिंक पाठवतो. चित्र उघडतं. देखणं फाटक, गुलमोहर, रुंद रस्ता. घरातले सगळे खूश. पण ही लिंक कुणीतरी एका दिशेला वळवून पाठवलेली आहे, हे कुणाच्या मनात येत नाही. त्याच जागेवर उभं राहून कंबर १८० अंशांनी फिरवली तर कदाचित बागच असेल. कदाचित उघडा नाला असेल, कचऱ्याचा ढीग असेल, विजेचा ट्रान्सफॉर्मर असेल, लग्नाचं कार्यालय असेल. खोटं चित्र दाखवलं असं म्हणता येत नाही. चित्र खरंच आहे. फक्त पाठ कुणाकडे केली, ते सांगितलेलं नाही!

डोळ्यांच्या आकड्याचाही असाच खेळ आहे. खिडकी फार रुंद उघडली, शंभर-एकशेवीस अंशांपर्यंत नेली, की चित्राच्या कडा ताणल्या जातात. बोळ हमरस्त्यासारखा दिसू लागतो. शेजारची इमारत दूर गेल्यासारखी वाटते. उलट खिडकी लहान केली की दूरच्या गोष्टी एकमेकींना चिकटतात. दोन किलोमीटरवरची टेकडी सोसायटीच्या मागंच असल्याचा भास होतो. छायाचित्रकारांना हे भिंगाचे चाळे पूर्वीपासून ठाऊक आहेत. घर घेणाऱ्यांनाही ते ठाऊक असावेत. रस्त्याची रुंदी बघायची तर आकडा पंचाहत्तर ते नव्वदच्या आसपास ठेवून बघावं. त्याहून बरं म्हणजे उभी असलेली एखादी रिक्षा शोधावी आणि तिच्या मापानं रस्ता मोजावा.

मग वास्तूची बाब. मानणारे मानतात, न मानणारे हसतात. पण पूर्वाभिमुख घराला गिऱ्हाईक जास्त आणि भावही चढा, हे दोघांनाही मान्य करावं लागतं. इथं एक चूक सर्रास होण्यासारखी आहे. चित्रात दार दिसतंय, हेडिंगचा आकडा ९० दाखवतोय. नव्वद म्हणजे पूर्व, तेव्हा घर पूर्वाभिमुख! छे. नव्वद ही बघणाऱ्याची दिशा. आपण पूर्वेकडे तोंड करून दाराकडे बघतोय, म्हणजे दाराचं तोंड आपल्याकडे, पश्चिमेला! घराची दिशा हवी तर हेडिंगमध्ये १८० मिळवायचे, बेरीज ३६० च्या वर गेली तर ३६० वजा करायचे. पूर्वाभिमुख दार सरळ समोरून बघताना आकडा २७० च्या जवळपास यायला हवा. आणि हे सारं इमारतीच्या फाटकापुरतं. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटचं दार कुठं उघडतं, ते गाडीवरच्या कॅमेऱ्याला कुठून कळणार?

कंपनीच्या गाडीनं काढलेल्या चित्रांत दिशा सहसा चुकत नाही. गाडीवर उपग्रहांकडून जागा कळवणारं यंत्र असतं, वळणं टिपणारी इतर उपकरणं असतात. पण नकाशावर हौशी लोकांनी चढवलेली गोल चित्रंही पुष्कळ असतात. देवळाचा गाभारा, हॉटेलची गच्ची, गडाचा बुरूज. ती मोबाइलनं काढलेली असतात आणि उत्तर कुठं, हे मोबाइलमधल्या इवल्याशा होकायंत्रानं ठरवलेलं असतं. जवळ लोखंडी कठडा असला, मोटार असली की होकायंत्र बिचकतं आणि अख्खं चित्र वीस-तीस अंश फिरून बसतं. कधी दिशेची नोंदच चित्रासोबत नसते. मग नकाशा बापडा अंदाजानं चालतो.

अशा वेळी दिशा तपासायची कशी? एक घरगुती युक्ती आहे. गच्च्यांवरच्या टीव्हीच्या छत्र्या बघाव्यात! टीव्हीचे हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर ठाण मांडून असतात आणि विषुववृत्त आपल्या दक्षिणेला. महाराष्ट्रातल्या डीटीएचच्या छत्र्या त्यामुळं दक्षिण ते पूर्व या कोपऱ्याकडे तोंड करून असतात. चित्रात सगळ्या छत्र्या उत्तरेकडे बघताना दिसल्या तर छत्र्या नव्हे, चित्र चुकलंय! सूर्य आणि सावल्यांवरूनही दिशा कळते, पण तिथं जरा जपून. भरदुपारचा सूर्य दक्षिणेला असतो हे दिल्लीत बाराही महिने खरं. मुंबई-पुण्याला मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तोच सूर्य माध्यान्ही डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. शून्य सावलीचा दिवस शाळेत अनुभवलेल्या मुलांना हे सांगावं लागणार नाही.

एवढी मोकळी नजर सगळ्यांच्या हाती दिली, की आणखी एक प्रश्न येतो. आपण कुणाच्या घराकडे वळून बघू शकतो, तसं कुणीही आपल्या घराकडे वळून बघू शकतो. गॅलरीत वाळत घातलेले कपडे, उघडी खिडकी, दारात बसलेली आजी. मान वर करून आणि झूम करून पहिल्या मजल्याच्या खिडकीत डोकावणं अवघड नाही. सुरुवातीच्या काळात याचं भान कमी होतं. २००८ पासून माणसांचे चेहरे आणि गाड्यांचे नंबर पुसट करायला सुरुवात झाली. जपानमध्ये तर वेगळीच तक्रार आली. तिथं घरं रस्त्याला खेटून, कुंपणं माणसाच्या उंचीची. गाडीवरचा कॅमेरा त्या कुंपणावरून अंगणात डोकावत होता. रस्त्यानं चालणाऱ्याला जे दिसणार नाही, ते साऱ्या जगाला दिसत होतं. शेवटी २००९ मध्ये गुगलनं तिथल्या गाड्यांवरचे कॅमेरे ४० सेंटिमीटरनं खाली आणायचं आणि नव्यानं चित्रण करायचं ठरवलं. मान कितीही फिरवा, पण डोळे कोणत्या उंचीवर ठेवायचे याची मर्यादा लोकांनी घालून दिली.

जर्मन माणसं त्याहून कडक. २०१० मध्ये तिथल्या वीस शहरांत ही सोय सुरू होण्याआधीच सुमारे २,४४,००० घरांनी कळवलं, की आमचं घर दाखवू नका. मग जर्मन रस्त्यावरून फिरताना मध्येच अख्खी इमारत धुक्यात हरवल्यासारखी दिसू लागली. कुठल्याही बाजूनं वळा, धुकंच! त्यानंतर गुगलनं तिथं गाड्या फिरवणंच जवळजवळ सोडून दिलं. नवं चित्रण लोकांसमोर आलं ते थेट २०२३ मध्ये.

आपल्याकडे घराच्या फाटकाला धुकं लावायची मागणी फारशी कानावर येत नाही. आपला स्वभावच मोकळा, असंही असेल. किंवा मागता येतं हे माहीत नसेल. चित्राच्या कोपऱ्यात 'रिपोर्ट अ प्रॉब्लेम' अशी बारीक अक्षरं असतात. तिथं टिचकी मारली की एक अर्ज उघडतो आणि त्यात चित्रावर लाल चौकट दिसते. आपलं घर, आपला चेहरा किंवा गाडी त्या चौकटीत येईपर्यंत चित्र फिरवायचं आणि काय पुसायचं ते लिहून पाठवायचं. इथंही कंबर, मान, डोळे हाच सारा खेळ. घाईत चौकट चुकली तर शेजाऱ्याचं घर पुसलं जायचं! आणि एकदा पुसलं की पुसलं. पुन्हा दाखवा म्हणून सांगायची सोय नाही. त्यामुळं घरातल्या सगळ्यांना विचारूनच हे करावं. उद्या घर विकायचं म्हटलं तर गिऱ्हाइकालाही धुकंच दिसणार.

राहिली तारीख. चित्र कधीचं आहे, ते महिना आणि सालासह पडद्यावर लिहिलेलं असतं. ते वाचायचा कंटाळा करू नये. दलालानं दाखवलेलं मोकळं मैदान चार वर्षांपूर्वीचं असेल आणि आज तिथं बारा मजले उभे असतील. एकाच जागेची वेगवेगळ्या वर्षांची चित्रं उघडून बघायची सोय २०१४ पासून आहे. अमेरिकेत मुला-नातवंडांकडे राहून आलेल्या आजी-आजोबांना तिथल्या अनेक रस्त्यांची दहा-पंधरा वर्षांची चित्रं ओळीनं बघता येतात. महाराष्ट्रातल्या रस्त्यांचा साठा त्या मानानं अजून तरुण आहे. साल बदललं तरी खिडकीची दिशा साधारण तीच राहते. म्हणून आधी फाटक नीट मधोमध आणावं, मगच तारखा बदलाव्यात. गाडी दर वेळी रस्त्याच्या त्याच बाजूनं गेलेली नसते, त्यामुळं एखाद्या वर्षी फाटक जरा डावीकडे किंवा उजवीकडे सरकलेलं दिसेल. तेवढं पुन्हा बोटानं ओढून घ्यायचं.